उद्दिष्टे साहेबांची, उत्तरदायित्व कोणाचे?



कोडोली हे पन्हाळा तालुक्यातील मोठे गाव. वारणेचे पाणी, उसाचे मळे, शेजारी वारणानगरचा साखर कारखाना, मिशनचा जुना दवाखाना आणि चर्च, अशी या गावाची ओळख सर्वांस आहे. या गावाच्या आसपास असलेल्या एका शाळेत काही दिवसांपूर्वी माझे जाणे झाले. शाळेचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण जो दोष मी सांगणार आहे तो त्या शाळेपुरता नाही. वर्गाच्या भिंतीवर एक सुबक तक्ता टांगलेला होता. इयत्ता, पटसंख्या, वाचन, लेखन, संख्याज्ञान असे रकाने आणि त्यांपुढे टक्के. तिसरीच्या वाचनापुढे शंभर टक्के असे ठळक लिहिले होते. त्याच तक्त्याखाली आमच्या बौद्धवाड्यातील एक मुलगा बसला होता. तक्त्याचे शीर्षक वाचून दाखव, असे मी त्यास म्हटले. त्याने पहिले अक्षर ओळखले, दुसरे ओळखले, आणि मग तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला. शब्द काही जुळेना. गुरुजी भले गृहस्थ. ते मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "काका, इथून शंभर गेले नाहीत तर वरून नोटीस येते. तुम्हीच सांगा, आम्ही काय लिहावे?"

त्या मुलाला वाचता येत नाही ही गोष्ट दुःखाची खरीच. परंतु त्याला वाचता येत नाही हे आता सरकारदरबारी कोठेच नमूद नाही, ही गोष्ट त्याहून भयंकर आहे. पूर्वी आमच्या मुलाला शाळेबाहेर बसवीत आणि तो बाहेर बसलेला दिसे तरी. आज त्याला वर्गात बसवून टक्क्यांच्या पडद्याआड नाहीसे केले जात आहे. ज्याची निरक्षरता कागदावर संपली, त्याच्यासाठी सरकारने काही करावयाचे उरत नाही.

ही टक्क्यांची विद्या आली कोठून? कारखाने आणि कंपन्या चालविणाऱ्यांसाठी पीटर ड्रकर या गृहस्थाने १९५४ साली एक ग्रंथ लिहिला. प्रत्येक अधिकाऱ्याने आपले उद्दिष्ट स्पष्ट ठरवावे आणि त्या उद्दिष्टाशी आपले काम स्वतःच ताडून पाहावे, असा त्याचा विचार. त्यात आत्मनियंत्रण हा अर्धा भाग होता. आमच्या शिक्षणखात्याने तो अर्धा भाग टाकून दिला आणि उद्दिष्ट तेवढे उचलले. आता ते पुण्याहून किंवा मुंबईहून निघते, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे येते, तेथून शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक अशा पायऱ्या उतरत वर्गातील गुरुजींच्या डोक्यावर येऊन बसते. तेथून खाली त्याला जागा नाही. म्हणून ते टक्क्याचे रूप घेऊन त्याच पायऱ्यांनी वर चढू लागते, आणि प्रत्येक पायरीवर थोडे अधिक गुटगुटीत होते.

२२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला आणि शाळा 'प्रगत' झाल्याचे आकडे तालुक्यातालुक्यांतून जाहीर होऊ लागले. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने 'निपुण भारत' आरंभिले. त्याचे उद्दिष्ट असे की २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलास वाचता, लिहिता आणि हिशेब करता यावे. या उद्दिष्टाविरुद्ध कोणता शहाणा मनुष्य बोलेल? प्रत्येक मूल, हे दोन शब्द आमच्याच चळवळीचे आहेत. माझे भांडण उद्दिष्टाशी नाही. ते कोणी मोजावयाचे, कोणापुढे मांडावयाचे आणि चुकल्यास भोगावयाचे कोणी, याविषयी माझे भांडण आहे.

कारण मोजणे हे तर आमचे शस्त्र होय. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणावरील खर्चाविषयी बोलताना बाबासाहेबांनी आकडेच पुढे केले होते. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितले. पण त्यांनी मोजले कोणास, हे नीट पाहा. त्यांनी मोजले ते गळालेल्यांना. आजचा तक्ता मोजतो तो पोचलेल्यांना, आणि गळालेल्यांना सरासरीत बुडवितो. हिशेब सोपा आहे. एका वर्गात चाळीस मुले, त्यांपैकी पाच आमच्या वस्तीतील. गावातील पस्तीसही मुलांना वाचता येते, आमच्या पाचांपैकी एकालाही येत नाही. टक्केवारी निघते साडेसत्याऐंशी. केंद्रप्रमुख शेरा मारतात 'उत्तम', गटशिक्षणाधिकारी अभिनंदनाचे पत्र धाडतात. या पत्रात आमच्या वस्तीचा निकाल शून्य टक्के आहे, हे वाचण्याचा चष्मा अजून कोणत्याही साहेबाने घेतलेला नाही.

हा काही एखाद्या साहेबाच्या नजरेचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जिल्ह्यांच्या शालेय कामगिरीचा जो निर्देशांक काढला आणि ज्याचा पहिला अहवाल २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्याची रचनाच पाहा. एकूण ६०० गुण, ८३ बाबी, सहा विभाग. अध्ययन निष्पत्तीस २९०, वर्गातील परिणामकारक व्यवहारास ९०, प्रशासनास ८४, इमारती व विद्यार्थ्यांच्या हक्काच्या सोयींस ५१, डिजिटल शिक्षणास ५०, आणि शाळेतील सुरक्षितता व बालसंरक्षणास ३५. म्हणजे मुलाच्या सुरक्षिततेहून संगणकाच्या पडद्याची किंमत पंधरा गुणांनी अधिक! बरे, याच मंत्रालयाने राज्यांसाठी जो निर्देशांक आधी केला होता, त्यात समता हा स्वतंत्र विभाग होता आणि त्यास १००० पैकी २३० गुण होते. जिल्ह्याचा निर्देशांक करताना मात्र सहा विभागांत समता या नावाचा विभागच ठेवला नाही. एखादी बाब इकडेतिकडे विखुरलेली असेल, परंतु विभाग नाही. राज्याच्या राजधानीत बसून समता मोजावयाची आणि जेथे मूल प्रत्यक्ष शाळेत जाते त्या जिल्ह्यात ती मोजावयाची नाही, यास काय म्हणावे? ज्या गोष्टीस गुण नाहीत तिच्यासाठी कोणता अधिकारी उन्हातून मोटार काढील?

दडपणाखाली दिलेल्या आकड्यांचे काय होते, हे जगाने दोनदा तरी पाहिले आहे. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो याने शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेवर बांधून टाकले. जितकी मुले वाचन, लेखन, गणितात उत्तीर्ण, तितका पैसा. परिणाम असा झाला की मुलांनी पुस्तकच्या पुस्तक पाठ केले. मॅथ्यू आर्नल्ड हा नामांकित कवी स्वतः शाळातपासनीस होता आणि त्याने आपल्याच खात्याच्या या पद्धतीवर सतत टीका केली. शतक संपण्यापूर्वी ती पद्धत मोडीत निघाली. दुसरे उदाहरण अमेरिकेतील अटलांटा शहराचे. तेथील शाळांच्या मुख्य प्रशासक बेव्हर्ली हॉल यांना वाढत्या गुणांबद्दल २००९ साली राष्ट्रीय सन्मान मिळाला. २०११ साली राज्याच्या चौकशीत उघड झाले की तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत उत्तरपत्रिकांत फेरफार झाले होते आणि त्यात १७८ शिक्षक व मुख्याध्यापक गुंतले होते. २०१५ साली ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. ती मुले बहुसंख्येने निग्रो म्हणून हिणविल्या गेलेल्या कृष्णवर्णीय समाजाची होती. त्यांना वाचता येत नव्हते आणि कागद सांगत होता की येते. कोडोलीच्या परिसरातील त्या मुलाचा आणि अटलांटाच्या त्या मुलांचा नातेसंबंध मला येथे दिसतो.

आता आमच्या घरची वडीलधारी माणसे याविषयी काय म्हणत होती ते पाहू. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात शाळातपासणीविषयी एक परिच्छेद आहे. डेप्युटी साहेबांनी वर्षातून एकदा येऊन जाण्याने काही लाभ नाही, तपासणी निदान तिमाहीस व्हावी, आणि याखेरीज इतर वेळी आगाऊ सूचना न देता शाळेस भेट द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. गाव व जिल्हा अंमलदारांवर भिस्त ठेवू नये, त्यांना सवड नसते, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आज साहेब येणार हे शाळेस आधीच ठाऊक असते. रांगोळी घातली जाते, हुशार मुले पुढच्या बाकावर येतात आणि आमची मुले त्या दिवशी पाणी भरण्यास किंवा मागच्या बाकावर जातात. तपासणीचे अहवाल मात्र आता भ्रमणध्वनीवरून छायाचित्रासह तत्काळ पोचतात, एवढी प्रगती झाली खरी.

दुसरे उदाहरण याच मातीतले. ज्या करवीर संस्थानात हा पन्हाळ्याचा मुलूख होता, तेथे छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. येथवरची कथा शाळेच्या भाषणांत सर्वजण सांगतात. पुढची सांगत नाहीत. महाराजांनी केवळ पालकासच जबाबदार धरले नाही. १९१९ सालच्या आज्ञांनी त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांस व शिक्षकांस बजावले की अस्पृश्यांशी समतेने व ममतेने वागावे, ज्यास हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, त्यास पेन्शन मिळणार नाही. आणि ज्या शिक्षणसंस्था हे पाळणार नाहीत त्यांचे साहाय्य बंद होईल. त्याच वर्षी अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. याला म्हणतात उत्तरदायित्व! उद्दिष्ट एका वाक्याचे, मुदत सहा आठवड्यांची, आणि शिक्षा अधिकाऱ्याच्या पेन्शनीला. आजच्या निर्देशांकाच्या बाबींत अशी एक तरी बाब आहे काय, की जिच्यापायी एखाद्या अधिकाऱ्याचे पेन्शन जावे?

आणि बाबासाहेब? मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांच्या हाती गेले तेव्हा आमच्यातील भोळ्या लोकांना वाटले, सत्ता जवळ आली. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे जे निवेदन गेले, त्यात शाळा स्कूल बोर्डांकडे सोपविणे रद्द करावे अशी मागणी होती. कारण ज्या बोर्डावर स्पृश्य जमीनदारांचे बहुमत, ते अस्पृश्याच्या मुलाविषयी कोणास जाब देणार? १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, आरक्षणाने आमची माणसेही तेथे बसू लागली, म्हणून तो प्रश्न संपला असे समजू नका. सत्ता जवळ असणे निराळे आणि सत्तेने आपणांस उत्तर देणे निराळे.

येथे धर्मांतराचा प्रश्न आडवा येतो, आणि तो या पाक्षिकाच्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन पाहावा. तक्त्यात अनुसूचित जातीचा रकाना असतो. पण त्या रकान्यात कोण येते? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्मीयास अनुसूचित जातीत स्थान नव्हते. १९५६ साली शिखांना ते मिळाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आम्ही नागपुरास धम्मदीक्षा घेतली आणि एका दिवसात त्या रकान्यातून बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचा कायदा बदलावयास १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! या चौतीस वर्षांत किती मुख्याध्यापकांनी 'बौद्ध' असे सांगितले असता दाखलखारिज रजिस्टरात 'हिंदू महार' असे लिहिले आणि ती नोंद पुढे त्या मुलाच्या मानगुटीवर बसली, हे घरोघरी विचारून पाहा. कोडोलीसारख्या गावात तर आणखी एक गोष्ट आहे. मिशनच्या काळी आमच्याच भाऊबंदांपैकी काहींनी ख्रिस्ताचा मार्ग धरला. त्यांची मुले आज इतर मागासवर्गाच्या रकान्यात मोजली जातात. आजे एका उंबऱ्यातले, अपमान एकाच पाणवठ्यावरचा, आणि नातवंडे तीन रकान्यांत वाटलेली. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या संगणकाला ही तीन मुले परस्परांची कोणी लागत नाहीत. मी त्यांना धर्माने एक करावयास निघालो नाही. ज्याने त्याने आपला धर्म विचारपूर्वक निवडावा. परंतु ज्या वस्तीतील मुले सारखीच मागे पडतात ती वस्ती तरी एकत्र मोजा, एवढे माझे म्हणणे आहे. कारखान्याच्या हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मुलांचे नाव तर गावाकडच्या पटावर असते आणि अंग उसाच्या फडात. त्यांचे उद्दिष्ट कोणत्या गटशिक्षणाधिकाऱ्याच्या खात्यावर टाकावयाचे, यावर दोन्ही जिल्ह्यांचे एकमत होते. ते दुसऱ्याच्या!

काही मित्र म्हणतात, शिक्षकांना दोष देऊ नका, ते माहिती भरता भरता थकले आहेत. मी त्यांना दोष देतच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामास शिक्षकाला जुंपण्यास मनाई आहे. तरी रोज नवा अर्ज, नवी नोंद, नवे छायाचित्र. जो गुरुजी दुपारपर्यंत साहेबाचे उद्दिष्ट भरतो, त्यास आमच्या मुलाला अक्षर शिकविण्यास दुपारनंतर जोर कोठून यावा? परंतु दुसऱ्या काही मित्रांचे म्हणणे मला पटत नाही. ते म्हणतात, आता साहेबांच्या खुर्चीत आपलाच माणूस आहे, त्याला अडचणीत आणू नका. मला आग्र्याची आठवण होते. १८ मार्च १९५६ रोजी तेथे बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा बोलून दाखविली, ती आमच्यातील प्रत्येक अधिकाऱ्याने आपल्या टेबलावर लिहून ठेवावी. खुर्चीत आपला मनुष्य असेल तर प्रश्न अधिक कठोरपणे विचारला पाहिजे, कारण ती खुर्ची त्याला ज्या वस्तीच्या नावे मिळाली त्याच वस्तीतील मूल तक्त्याखाली बसले आहे.

उत्तरदायित्व वरच्याला द्यावयाचे की खालच्याला, हा प्रश्न भगवान बुद्धांच्या संघाने केव्हाच सोडविला होता. वर्षावास संपला म्हणजे पवारणेचा विधी होतो. त्यात प्रत्येक भिक्खू संघापुढे बसून विनवितो की माझा कोणताही दोष पाहिला, ऐकला असेल किंवा त्याविषयी शंका आली असेल, तर तो मला सांगावा. आणि याचा आरंभ करतो कोण? सर्वांत ज्येष्ठ भिक्खू. नव्याने आलेल्या श्रामणेरास पुढे ढकलून थेर मागे बसत नाहीत. आमच्या शिक्षणखात्यात याच्या नेमके उलटे चालते. तेथे पहिला जाब सर्वांत धाकट्या शिक्षकास आणि सर्वांत मोठ्या साहेबास पुष्पगुच्छ.

वाचकहो, आता करावयाचे काय ते ऐका. शिक्षणहक्क कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणे आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे आणि वंचित घटकांतील मुलाशी भेदभाव होऊ न देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे, म्हणजे खेड्यात जिल्हा परिषदेचे, कर्तव्य आहे. २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावयास हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. तुमच्या शाळेतील समितीत तुमच्या वस्तीतील कोणती माउली आहे? तिला सभेची सूचना मिळते, की रजिस्टर घरी आणून तिचा अंगठा घेतला जातो? पुढच्या सभेस चारपाच जणींनी मिळून जावे. टक्के ऐकून घ्यावेत आणि मग विचारावे की आमच्या वस्तीतील मुले किती, त्यांपैकी वाचणारी किती, आणि ती आत्ता येथे वाचून दाखवतील काय? मूल प्रत्यक्ष वाचील तेव्हाच तो टक्का खरा. साहेबाच्या वार्षिक गोपनीय अहवालात वस्तीवार निकालाचा उल्लेख व्हावा, सर्वांत मागे असलेल्या वस्तीचा निकाल हाच त्या केंद्राचा निकाल धरावा, आणि न वाचणारे मूल प्रामाणिकपणे नोंदविणाऱ्या गुरुजीस नोटीस न देता जादा शिक्षक द्यावा, असे तीन ठराव त्या सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावेत.

उत्तर मिळाले नाही तर ३२ व्या कलमाखाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. तो न पटल्यास राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. तक्रारीत मुलाची इयत्ता आणि तक्त्यावरील टक्के दोन्ही लिहावेत. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्यावाचून कार्यालयाची पायरी उतरू नये.